काय दिसतं त्याला?

परीक्षा जवळजवळ प्रत्येक घरात तीच असते. मी ओसरीवर टेकते न टेकते तोच आजी आतून मोबाइल आणते, त्याची बॅटरी लावते आणि मांडीवरच्या लेकराच्या डोळ्यांसमोर धरते. लेकरू डोळे मिचकावतं, तोंड फिरवतं. "पाहा मॅडम, दिसते न त्याले?" आजीला उत्तर नको असतं, होकार हवा असतो. लेकराची माय दाराशी उभी असते. ती बॅटरीकडे बघतही नाही. चार महिने झाले तरी हे लेकरू आपल्या तोंडाकडे बघून हसलेलं नाही, हे तिला ठाऊक असतं. घरात ते बोलायची सोय नसते.

बेल्याच्या भविता केंद्रात मी विशेष शिक्षिका आहे. या कामाला आता तेरा वर्षं झाली. केंद्रात सगळ्याच प्रकारची दिव्यांग मुलं येतात. ज्यांना आणता येत नाही त्यांच्या घरी मी शनिवारी जाते. डोळ्यांची मुलं संख्येनं थोडी आहेत, पण घरच्यांशी सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते त्यांच्याच बाबतीत. हात-पाय अधू असले तर घरच्यांना दिसतात. लेकराला काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते मात्र कुणालाच दिसत नाही.

बेला हे तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या अगदी टोकाचं मंडल. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, कोरपन्याकडे गेलं की चंद्रपूर. १९५६ च्या भाषावार रचनेत किनवट आणि राजुरा आजच्या महाराष्ट्राकडे गेले, आम्ही तेलुगू मुलखात राहिलो. बसच्या पाट्या तेलुगूत, बाजार मराठीत, आणि गुड्यांवर, म्हणजे आदिवासी पाड्यांवर, गोंडी नि कोलामी. शेती कापसाची. हे सांगायचं कारण असं, की लेकराचे डोळे दाखवायला निघालेला बाप कोणत्या भाषेत काय ऐकून परत येतो, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं.

कुणी यवतमाळला जातो, कुणी सेवाग्रामला, कुणी नागपूरला. बरेच जण आदिलाबादहून कृष्णा एक्स्प्रेसनं हैदराबाद गाठतात. तिथं बंजारा हिल्सला एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था आहे. डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी ती १९८७ मध्ये सुरू केली आणि गरिबांवर तिथं फुकट उपचार होतात. माणसं तीन-चार दिवस काढून येतात ती एक जाडजूड फाइल घेऊन. फाइल इंग्रजीत. तपासण्या, आकडे, डोळ्याच्या आतले तांबूस फोटो, सगळं नीट लावलेलं. मी विचारते, "डॉक्टर काय म्हणाले?" उत्तर नेहमी दोन शब्दांचं. "इलाज नाई."

डॉक्टर तेवढंच म्हणाले असतील असं मला वाटत नाही. एका मोठ्या दवाखान्यात मी स्वतः एका कुटुंबासोबत बसले होते. डॉक्टर दहा-बारा मिनिटं बोलले, हिंदीत, आस्थेनं. पण "ये ठीक नहीं होगा" या वाक्यानंतर त्या बाईच्या कानांत काही शिरलं नाही, हे मी तिच्या शेजारी बसून पाहिलं. तिची बोटं पदराचं टोक गुंडाळत होती, उलगडत होती. त्या वाक्यानंतर जे सांगायचं असतं, ते दुसऱ्या दिवशी, घरच्या ओसरीवर, घरच्या बोलीत सांगावं लागतं. माझं काम तिथून सुरू होतं.

ओसरीवर पहिला प्रश्न येतो, किती दिसतं? रुपयात चार आणे की आठ आणे? मी त्यांना म्हणते, किती ते आपण नंतर बघू. काय दिसतं, कुठून दिसतं आणि कधी दिसतं, ते आधी शोधू. पिवळी वाटी दिसते की पांढरी? जमिनीवर पडलेली दिसते की हातात धरलेली? सकाळी दिसते की दिवेलागणीला? पंधरा दिवस फक्त बघा आणि मला सांगा. घरच्यांना असं काही करायला दिलं की रडणं थांबतं असं नाही, पण रडता रडता ती माणसं लेकराकडे बघायला लागतात. तोवर ती डोळ्यांकडे बघत असतात.

एका घरातली माय माझ्याकडे नऊ महिन्यांचा मुलगा घेऊन आली. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. तिचं दुःख मात्र वेगळंच होतं. "मी बोलली की हा गप्प होते. हात-पाय हलवणं बंद करते. हसत नाई. याले माहा राग आहे का, मॅडम?" घरात एक जण तर "डोक्यानंही कमी आहे" असं म्हणून मोकळा झाला होता. मी त्याला चटईवर ठेवलं आणि तिला म्हटलं, आता बोल, पण त्याच्या तोंडाकडे बघू नको, बोटांकडे बघ. ती बोलायला लागली. तो थिजल्यासारखा गप्प झाला. आणि त्याची बोटं हळूहळू उघडायला लागली, मिटायला लागली, चटईच्या काड्यांवर फिरायला लागली. ती थांबली की बोटं थांबत. ती परत बोलली की परत सुरू. तो ऐकत होता. ऐकायचं तर हलून चालत नाही, म्हणून गप्प होत होता.

हे मी शोधलेलं नाही. अमेरिकेत सेल्मा फ्रायबर्ग नावाच्या बाईंनी अंध बाळांच्या घरी वर्षानुवर्षं जाऊन हे टिपून ठेवलं. त्यांचं पुस्तक १९७७ चं आहे. बाळाचा चेहरा बोलत नसेल तर हात बोलतात, ही त्यांची मोठी देणगी. दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती अशी. दिसणारं लेकरू पाचव्या महिन्यात खुळखुळा बघून हात पुढं करतं. न दिसणाऱ्या लेकराला नुसत्या आवाजावर हात टाकायला दहावा-अकरावा महिना उजाडतो. आवाज म्हणजे तिथं एक वस्तू आहे, हे त्याला आधी कळावं लागतं. मधले पाच-सहा महिने घरचे समजतात की लेकरू मंद आहे. त्याला कुणी काही देत नाही, ते पडून राहतं आणि मग खरोखरच मागं पडतं.

त्या मुलासाठी आम्ही कोंबड्या झाकायचं डालं घेतलं. बुरडाकडचं नवंकोरं, मोठ्या पाटीएवढं. दोन्ही बाजूंना विटा लावून ते त्याच्या छातीवर येईल असं उपडं ठेवलं आणि आतून आखूड दोऱ्यांनी वस्तू बांधल्या. स्टीलचा चमचा, बैलाच्या गळ्यातलं घुंगरू, जुन्या चाव्या, लाकडी कंगवा, सुताचा गुंडा. डेन्मार्कच्या लिली नील्सन यांची ही कल्पना. त्यांची स्वतःची भावंडं अंध होती. त्यांनी केलेली ती लाकडी चौकटीची छोटी खोली होती, आमची बांबूची. मर्म एकच, वस्तू बांधलेली असते. आपण लेकराच्या हातात खुळखुळा देतो, तो सुटतो आणि त्याच्या लेखी जगातून नाहीसा होतो. इथं चमचा सुटला तरी परत हात नेला की तिथंच सापडतो. पहिले तीन दिवस त्याचा हात चुकून लागत होता. चौथ्या दिवशी दुपारी माय भाकरी थापत होती, तेव्हा घुंगरू वाजलं, थांबलं आणि परत वाजलं. परत वाजलं तेव्हा ती पिठाचे हात तसेच घेऊन धावली. पुढच्या शनिवारी मला तिनं किती वेळा वाजलं ते मोजून सांगितलं.

थोडं दिसणाऱ्या मुलांचं समजावणं याहून अवघड आहे. अजिबात न दिसणं माणसांना कळतं. थोडं दिसणं कळत नाही, त्याला लोक लबाडी म्हणतात.

पैनगंगेकाठच्या गावातला अकरा वर्षांचा मुलगा. बापाची तक्रार अशी: "हा नाटक करते. जमिनीवर पडलेली सुई उचलून देते, पेपरातले बारके अक्षर वाचते, अन् समोर उभ्या बैलावर जाऊन आदळते. संध्याकाळी वावरात जा म्हटलं की जागचा हलत नाई. कामचुकार आहे." आजीनं त्याला रातांधळं आहे हे ओळखलं होतं. तीन वर्षं ती त्याला शेळीची कलेजी भाजून देत होती.

आजीच्या औषधाला मी हसले नाही, कुणीच हसू नये. कलेजीत जीवनसत्त्व अ भरपूर असतं आणि त्याच्या कमतरतेनं आलेलं रातांधळेपण त्यानं खरंच उतरतं. डोंगराकडच्या लेकरांत हे पूर्वी फार होतं. बुबुळाच्या बाजूला पांढऱ्यावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसायचा. आता नवव्या महिन्यात गोवराच्या लशीबरोबर १ लाख युनिट आणि पुढं दर ६ महिन्यांनी २ लाख, असे पाच वर्षांपर्यंत ९ डोस मिळतात. पण मराठीत दोन वेगळ्या आजारांना शब्द एकच आहे. या मुलाचं रातांधळेपण दृष्टिपटलाचं होतं, रेटिनायटिस पिगमेंटोसा. त्यात आधी अंधारातलं जातं आणि मग बाजूचं दिसणं कडेकडेनं मिटत येतं. शेवटपर्यंत मधोमध तेवढं स्वच्छ राहू शकतं. सुई दिसते आणि बैल दिसत नाही, याचं कारण हे. सुई त्या मधल्या भोकात मावते, बैल मावत नाही.

हे तोंडानं सांगून बापाला पटलं नाही. मी वर्तमानपत्राचे दोन कागद घेतले, हातभर लांब, बारीक पुंगळ्या केल्या, दोन्ही डोळ्यांना लावायला सांगितल्या आणि म्हटलं, दादा, हातपंपावर जा अन् गडवाभर पाणी घेऊन या. स्वतःचं अंगण, स्वतःचा हातपंप, वीस-बावीस पावलं. पहिल्या चार पावलांत त्यांचा पाय पाट्याला लागला. मग ते पुंगळ्या खाली करून जमिनीकडे बघायला लागले, तर समोरची तुळशीवृंदावनाची कड गुडघ्याला लागली. हातपंपाचा दांडा सापडेना. दांडा सापडला तेव्हा गडवा सापडेना. मुलगा बाजेवर बसून ऐकत होता. "बाबा, मान फिरवत राहा," तो म्हणाला, "नुसतं समोर पाह्यलं तर नाई जमत." अकरा वर्षांच्या पोरानं आपली युक्ती बापाला शिकवली. बापानं पुंगळ्या काढल्या, घडी घातल्या आणि खिशात ठेवल्या. नंतर मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "म्या याले दोनदा मारलं."

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. चांगल्या डोळ्याला चष्म्यासकट ३/६० पेक्षा कमी दिसत असेल तर ते अंधत्व. आणि दृष्टीचं क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तरी ते अंधत्वच, मग मधोमध कितीही बारीक वाचता येवो. कायद्याला जे कळलं ते गावाला कळवायला मात्र पेपरची पुंगळी लागते.

असंच एका मुलीचं. रंगहीनतेनं केस, पापण्या सगळं पांढरंफेक, बुबुळं सतत हलणारी. वाचताना ती मान एका बाजूला वाकडी करायची आणि पुस्तक नाकाला लावायची. शाळेत मान सरळ करायला लावत, घरी पुस्तक ओढून घेत, "डोळे जातील" म्हणून. बुबुळं हलणाऱ्या मुलांना मानेची एक ठेवण अशी सापडते, की त्यात बुबुळं सगळ्यात कमी हलतात आणि अक्षर ठरतं. ती ठेवण तिनं स्वतः शोधली होती आणि आपण सगळे मिळून ती मोडत होतो. आणि पुस्तक जवळ धरल्यानं तिचे डोळे बिघडणार नव्हते. जवळ आणल्यानं अक्षर मोठं होतं, इतकंच. वर्गात तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं होतं. उजेडाकडे बसवलं की बरं दिसेल, हा चांगल्या मनानं केलेला अंदाज. तिला उजेड टोचत होता. खिडकीकडे पाठ, डोक्याला पुढं छज्जा असलेली टोपी, काळं स्केचपेन आणि तिरपी पाटी, एवढ्यावर ती पहिल्या तीन नंबरांत आली. एका पैशाचा खर्च नव्हता असं म्हणणार नाही, टोपी साठ रुपयांची होती.

माझ्या हातून झालेली चूकही सांगितली पाहिजे. कामाला लागून वर्षच झालं होतं. एका घरात दोन्ही लेकरांना तोच आजार. फाइलमध्ये आई-बाप रक्ताच्या नात्यातले अशी नोंद होती. आमच्याकडे मामाची मुलगी करणं हा मान असतो, हक्क असतो. मी भर ओसरीवर, सासू, दीर, शेजारणी बसलेल्या असताना सांगून टाकलं, की नात्यात लग्न झाल्यामुळं असं झालं. शास्त्र चूक नव्हतं, पण जागा आणि शब्द दोन्ही चुकले. पुढच्या आठवड्यात ती बाई माहेरी धाडलेली होती. तिचं माहेर म्हणजे सासूच्या सख्ख्या भावाचं घर. तिथंही भावजय बोलली, आमची पोरगी नासकी नाही, तुमचंच रक्त. दोन घरं तुटायला आली ती माझ्या एका वाक्यानं. मी चार वेळा दोन्हीकडे जाऊन आले. पाच महिन्यांनी ती परत आली.

आता मी हे मुठीत सरकी घेऊन सांगते, आणि आधी फक्त नवरा-बायकोला सांगते. बापाकडं दोन बिया, मायकडं दोन. दोघांच्याही दोनांतली एक चांगली, एक खोटी. दोघंही स्वतः धडधाकट, कारण एक चांगली बी काम भागवते. लेकराला प्रत्येकाकडून एकेक बी मिळते आणि ती डोळे मिटून उचललेली असते. दोन्ही खोट्या आल्या तरच आजार. चारांत एक वेळ. "मग एकाले झालं, आता तिघं बरे होतीन?" हा प्रश्न हमखास येतो. नाही. प्रत्येक वेळी मूठ नव्यानं उघडते. आणि खोटी बी दोघांकडं असल्याशिवाय हे होतच नाही, म्हणून दोष एकट्या बाईचा कधीच नसतो. शेतकऱ्याला बियाणं समजतं. सरकीची ही गोष्ट मी सांगितल्यापासून कुठल्या बाईला माहेरी धाडल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. सगळेच आजार या चालीनं येत नाहीत, म्हणून कुणाच्या घरात कोणती चाल आहे ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच मी मूठ उघडते.

"इलाज नाई" हे वाक्य ऐकून ऐकून माणसं ज्याला इलाज आहे त्यालाही उशीर करतात, याची मला सगळ्यात जास्त चीड येते. जन्मजात मोतीबिंदू काढायचा तर तो पहिल्या दोन-अडीच महिन्यांत. नंतर काढला तरी मेंदू बघायला शिकत नाही किंवा अर्धवट शिकतो. तिरळेपणाला आमच्याकडं लक्ष्मी म्हणतात, आणि त्या लक्ष्मीपायी एक डोळा कायमचा आळशी होतो. बाहुलीत पांढरं चमकलं, मांजराच्या डोळ्यासारखं, तर तो गाठीचा आजारही असू शकतो. त्यात जीव जातो. तिथं एक आठवडासुद्धा थांबू नये. काजळ, मध, पाल्याचा रस, यातलं काहीही डोळ्यात घालू नये.

आणि कमी दिवसांची लेकरं. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर ३० दिवसांच्या आत त्याच्या डोळ्याचा पडदा तपासून घ्यावाच लागतो. फार लहान असेल तर त्याहूनही आधी. वरून डोळा अगदी सुरेख दिसतो. आत पडदा सुटत असतो आणि वेळेत लेझर केलं तर वाचतो. आमच्या सीमेवर याचा एक खास घोटाळा होतो. बाळंतीण पैनगंगेपलीकडच्या माहेरी असते, नाव अलीकडच्या यादीत असतं. इकडची आशाताई समजते तिकडं तपासलं, तिकडची समजते इकडं तपासतील. जुळ्यांपैकी एक बाळ असं हातचं गेलं. ३० दिवस उलटले तेव्हा ते दोन राज्यांच्या दोन वह्यांत होतं आणि कुणाच्याच डोळ्यासमोर नव्हतं. तेव्हापासून मी पलीकडच्या दोन-तीन गावांतल्या आशाताईंचे नंबर ठेवते.

पेन्शनचं बोलायला लोक संकोचतात, मी संकोचत नाही. ४० टक्क्यांच्या दाखल्यावर तेलंगणात दिव्यांगांना सरकारी पेन्शन मिळते. ती जुलै २०२३ मध्ये ३,०१६ रुपयांवरून ४,०१६ झाली. मजुरीच्या घरात ही मोठी रक्कम आहे आणि ती हक्काची आहे. अडचण इतकीच होते, की दाखल्यासाठी नेताना लेकराला "काई दिसत नाई म्हण" असं शिकवलं जातं, आणि शाळेत, सोयरिकीत "सगळं दिसते म्हण" असं. पोर दोन्ही ऐकतं. स्वतःला काय दिसतं हे खरं सांगायची त्याची सवयच मोडते. मी घरच्यांना विनवते, दाखला यंत्रानं मोजून मिळतो, पोराच्या तोंडून नाही. त्याला खरं बोलू द्या.

ज्यांना अक्षर दिसणारच नाही त्यांच्यासाठी ब्रेल. इथं घरचे विचारतात, मराठीत शिकवाल की तेलुगूत? पोरगा राहणार तेलंगणात, बोलणार मराठी. याचं उत्तर द्यायला मला फार आवडतं. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये सगळ्या भारतीय भाषांच्या एका ध्वनीला एकच खूण आहे. डावीकडचा वरचा आणि खालचा, असे दोन ठिपके म्हणजे क. मराठीचाही तोच, तेलुगूचाही तोच. डोळसांची लिपी बदलते, बोटांची बदलत नाही. आमच्या सीमेवर बोटांनी वाचणाऱ्या मुलाला ही एक गोष्ट डोळसांपेक्षा सोपी आहे. १५ फेब्रुवारी २००८ ला स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. त्याचा एक जुना अंक मी पिशवीत बाळगते. आज्या त्याच्यावरून हात फिरवतात, म्हणतात, "हे तर नुसती पुरळ आहे." मग पोरगं ती पुरळ वाचून दाखवतं. वरोऱ्याला आनंदवनात अंध विद्यालय आहे, तिथं पाठवायचं की घरी ठेवून गावच्या शाळेत, हा निर्णय मी कधीच देत नाही. दोन्ही ठिकाणी काय मिळतं आणि काय सुटतं ते सांगते आणि गप्प बसते. सहा वर्षांचं लेकरू दूर ठेवायचं की नाही, हे त्याच्या मायनं ठरवायचं असतं.

अलीकडं मी प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर एक कोरा कागद टाचते. त्यावर डॉक्टरांचं काही नसतं, घरच्यांनी सांगितलेलं मराठीत लिहिलेलं असतं. त्या पुंगळीवाल्या मुलाच्या कागदावर लिहिलं आहे: "पाच वाजेपर्यंत कापूस वेचतो, बोंडं नीट दिसतात. पाचनंतर एकटा सोडू नये. पांदणीनं येताना आबाजी पांढरा दुपट्टा खांद्यावर टाकून पुढं चालतात, तो दुपट्टा त्याला दिसतो. डाव्या बाजूनं हाक मारावी. ताट पांढरं नको, वरण-भात दिसत नाही." यातली एकही ओळ मी सुचवलेली नाही. पंधरा दिवस बघून त्यांनी सांगितली. शाळेतल्या नव्या सरांनी तो कागद वाचला आणि पहिल्याच दिवशी मुलाला कुठं बसवायचं ते त्यांना कळलं.

म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना माझी एक विनंती आहे. आमची माणसं फाइल घेऊन तुमच्याकडं येतील. निदान तुम्ही लिहालच. त्याखाली दोन ओळी जागा सोडून लिहा, या मुलाला काय दिसतं, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात. आणि वाचणाऱ्यांना सांगते, तुमच्या घरात, वाड्यात, गुड्यावर दोन-अडीच महिन्यांचं लेकरू मायच्या तोंडाकडं बघून हसत नसेल, तर बॅटरी दाखवत बसू नका. उद्याच दवाखान्यात न्या. आणि तिथून निघायच्या आधी एक कोरं पान डॉक्टरांपुढं करा.